परभाषा जिभेवर कशी बसते

ह्या महोत्सवी स्मरणिकेसाठीं आम्हीं कांहीं इतिहासपर लिहावें, अशी संपादकमंडळाची इच्छा पडली. धर्मग्रामाचा इतिहास आमच्याहून अधिकारी लेखण्यांनीं लिहावा हें बरें. आम्ही निराळाच विषय घेतों, आणि तो घेण्यास आमच्या दारीं येणाऱ्या आईबापांनींच आम्हांस भाग पाडलें आहे. त्यांचें गाऱ्हाणें बहुधा एकच असतें : "फादर, पोरगा बारावी झाला, इंग्रजीचा पेपर सुटला, पण कोणी इंग्रजींत दोन शब्द विचारले कीं त्याच्या तोंडाला कुलूप पडतें." बोईसरच्या कारखान्यांत किंवा मुंबईच्या एखाद्या इस्पितळांत चाकरी मागावयास गेलेला आमचा तरुण पहिल्या दोन प्रश्नांतच परत फिरतो. आमच्या बाजूच्या वैतरणेचें पाणी मुंबईच्या नळांना जातें. त्या मुंबईंत आमच्या पोराला आपलें नांवगांवदेखील धडपणें सांगवत नाहीं. हें कुलूप कोठें घडविलें गेलें, ह्याचा माग काढावा, असा आमचा ह्या लेखांत हेतु आहे.

मागें एका आश्रमशाळेंत जाण्याचा आम्हांस योग आला. सहावींतील एका मुलीस आम्हीं इंग्रजींत तिचें नांव विचारलें. तिनें नांव, इयत्ता, शाळा, गांव आणि बापाचें नांव अशीं पांच उत्तरें एका दमांत म्हणून टाकलीं. आम्हीं प्रश्न एकच केला होता! मग 'आज सकाळीं काय खाल्लेंस?' असें इंग्रजींत विचारतांच ती गुरुजींच्या तोंडाकडे पाहूं लागली. तोच प्रश्न मराठींत केला, तेव्हां एका शब्दांत उत्तर आलें. शेवटीं स्वयंपाकघरांतल्या एका बाईनें तिला वारलींत विचारलें, आणि मग काय सांगावें! घरची नागलीची भाकर, सुटींत घरीं गेली तेव्हां ओहोळांत धरलेले खेकडे, धाकटा भाऊ, हरवलेली कोंबडी, सगळें बाहेर पडलें. ह्या मुलीला बोलतां येत नाहीं, असें कोण म्हणेल? तिच्यापाशीं बोलण्याजोगें पुष्कळ होतें. ती तिसऱ्या भाषेच्या उंबरठ्यावर अडखळली होती, आणि तिला तेथें आणून सोडणाऱ्यांनीं दुसरा उंबरठा ती ओलांडून आली कीं नाहीं ह्याची विचारपूस केली नव्हती.

परभाषा आपलीशी करण्याची कला आपल्या किनाऱ्यावर प्रथम कोणीं साधली, असें विचारलें तर आम्हांस एका इंग्रजाचें नांव घ्यावें लागतें. आणि मौज अशी कीं तो इंग्रजी शिकवावयास आलेला नव्हता. फादर थॉमस स्टीफन्स हे येशूसंघाचे धर्मगुरु. लिस्बनहून निघालेल्या गलबतांतून ते २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं गोव्यास उतरले. इंग्लंडांत आपल्या वडिलांस त्यांनीं त्याच वर्षीं लिहिलेलें प्रवासाचें पत्र पुढें छापलें गेलें, आणि तें तिकडे मोठ्या कुतूहलानें वाचलें गेलें. परंतु आमच्या विषयाला महत्त्वाचें पत्र त्यांनीं १५८३ सालीं आपल्या भावास पाठविलेलें होय. त्यांत त्यांनीं ह्या देशींच्या भाषांची घडण लॅटिन व ग्रीक ह्यांच्यासारखी आहे, असें नमूद केलें. भाषाशास्त्रज्ञांना ही गोष्ट कळून तिचा शास्त्रशुद्ध विचार सुरू होण्यास पुढें दोनशें वर्षें जावीं लागलीं. येथें ध्यानांत घेण्याजोगें हें कीं, नुकत्याच आलेल्या ह्या परक्या माणसानें लोकांच्या बोलीला हलकी म्हटलें नाहीं. तिला त्यानें आपण शाळेंत शिकलेल्या थोर भाषांच्या पंक्तीस बसविलें.

त्यांच्या आयुष्याचीं पुढील वर्षें बहुतेक गोव्यांतील साष्टी प्रांतांत, मडगांव व राशोल ह्या बाजूस गेलीं. तेथें कोश नव्हता, व्याकरण नव्हतें, शिकवणी नव्हती. होते ते लोक. त्यांचे बाजार, त्यांचीं भांडणें, लग्नें, मयतीं आणि देवळांतील पुराणांची चाल. फादर कान देऊन ऐकत गेले, चुकतमाकत बोलत गेले, आणि ज्या भाषेचा एक शब्द त्यांना ठाऊक नव्हता तींत त्यांनीं सुमारें अकरा हजार ओंव्यांचें 'ख्रिस्तपुराण' रचिलें. तें १६१६ सालीं प्रसिद्ध झालें. देवनागरी खिळे मिळावेत म्हणून त्यांनीं १६०८ सालीं वरिष्ठांस लिहून पाहिलें होतें; ते मिळाले नाहींत, म्हणून पुराण रोमन लिपींत छापावें लागलें. कोंकणीचें व्याकरणही त्यांनींच लिहिलें. तें त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० सालीं, राशोल येथें छापून निघालें. हिंदुस्थानांतील चालत्या बोलत्या भाषेचें हें पहिलें छापील व्याकरण. मात्र क्रम पाहावा : आधीं बोलणें, मग व्याकरण. आपल्या शाळांनीं ह्या क्रमाची पुरती उलटापालट केली आहे.

ह्याच गोव्यांत दुसरा एक प्रयोग झाला, आणि तो सांगितल्यावांचून पहिल्याचें मोल कळत नाहीं. १६८४ सालीं पोर्तुगीज व्हाइसरॉयानें फर्मान काढलें कीं, तीन वर्षांच्या आंत सर्व लोकांनीं आपली देशी बोली टाकून पोर्तुगीज बोलूं लागावें. तीन वर्षें गेलीं, तीनशें वर्षें गेलीं. पोर्तुगीज सत्ता १९६१ सालीं गेली, आणि कोंकणी आज गोव्याची राजभाषा आहे. हुकूम काढून कागद बदलतां येतात. जीभ बदलावयास शेजारी लागतो.

मुंबईकडे इंग्रजी आली ती कंपनीसरकारच्या कचेरीबरोबर. तिचें पहिलें पर्व उमेदीचें होतें. बाळशास्त्री जांभेकर ह्यांनीं ६ जानेवारी १८३२ रोजीं 'दर्पण' काढिलें. त्यांत एका अंगास इंग्रजी व दुसऱ्या अंगास मराठी असे दोन स्तंभ शेजारीं शेजारीं चालत. दोन्ही भाषांना एका पानावर सारखा मान होता. ह्याच सुमारास मोल्सवर्थसाहेब आपला मराठी-इंग्रजी कोश सिद्ध करीत होते; तो १८३१ सालीं प्रथम निघाला, आणि १८५७ ची त्याची वाढविलेली आवृत्ति आजही आमच्या टेबलावर आहे. पुढें वाद माजला. १८४७ च्या सुमारास शिक्षणमंडळांत कर्नल जर्व्हिस म्हणत कीं बहुजनांस देशभाषेंतूनच शिकवावें, आणि अध्यक्ष सर अर्स्किन पेरी ह्यांचा भर इंग्रजीवर. जगन्नाथ शंकरशेट ह्यांनीं देशभाषेची बाजू उचलून धरली. ह्या वादांत आम्हांस एक उणीव दिसते. कोणती भाषा शिकवावी, ह्यावर थोरांनीं पुष्कळ शाई खर्चिली. भाषा कशी शिकवावी, हा प्रश्न मागेंच राहिला.

तो मग परीक्षेनें आपल्या पद्धतीनें सोडविला. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें, १८५९ सालीं पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. रानडे व भांडारकर त्याच पहिल्या तुकडींतले. त्या थोड्या लोकांस इंग्रज प्राध्यापकांचा सहवास होता, म्हणून त्यांची जीभही तयार झाली. परंतु पुढें परीक्षेस बसणारे हजारों झाले, आणि त्या सर्वांना इंग्रज कोठून भेटणार? ज्याची परीक्षा होते तेंच शिकविलें जातें, हा शाळांचा जुनाच कायदा. परीक्षा होती लेखी, तेव्हां शिक्षणही कागदी झालें. तर्खडकरांची भाषांतर-पाठमाला ह्याच काळाचें अपत्य. तिची आम्ही निंदा करणार नाहीं. खेड्यांतल्या कितीएक मुलांनीं केवळ तिच्या आधारावर, कंदिलाच्या उजेडांत, गुरूवांचून इंग्रजी वाचावयास शिकून घेतलें, आणि आमचे वडीलही त्यांपैकींच एक. तथापि ते इंग्रजी वर्तमानपत्र सबंध वाचीत आणि वसई स्टेशनांत कोणी साहेब समोरून आला तर फलाटाच्या दुसऱ्या टोंकास जात! इंग्रजीला वाघिणीचें दूध म्हणतात. तें आमच्या मागच्या पिढ्यांनीं डोळ्यांनीं प्यालें, ओठांना लागूं दिलें नाहीं.

ह्यावर कोणी आवाज उठविला नाहीं असें नाहीं. युरोपांत १८८२ सालीं फिएतॉर नांवाच्या जर्मन पंडितानें भाषाशिक्षणाची दिशाच फिरवावी, असें बजाविलें. पुस्तकाआधीं उच्चार व संभाषण, हें त्याचें म्हणणें. तो वारा मुंबई इलाख्यांतही आला. येथील शिक्षणखात्यांतले पी. सी. रेन ह्यांनीं १९११ सालीं हिंदी शाळांत इंग्रजी थेट बोलण्यांतून कसें शिकवावें, ह्यावर एक पुस्तक लिहिलें. दैवगति पाहा : तें पुस्तक आज कोणाला ठाऊक नाहीं, आणि रेन हें नांव घराघरांत माहीत आहे तें १९३५ सालीं मार्टिन ह्यांच्यासह काढिलेल्या व्याकरणाच्या जाड पुस्तकामुळें.

आतां आपल्या स्वकीयांकडे वळूं. मुंबई बेट व साष्टी येथील आपल्या ख्रिस्ती बांधवांनीं १८८७ सालीं, राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षीं, 'ईस्ट इंडियन' हें नांव धारण केलें. गोव्याकडून चाकरीसाठीं येणाऱ्या लोकांपासून आपण निराळे, कंपनीसरकारचे जुने प्रजाजन, हें सरकारच्या नजरेस यावें, हा त्यांतला हेतु. रेल्वेंत, कस्टममध्यें, कचेऱ्यांत त्यांचा शिरकाव झाला; आणि त्यांना इंग्रजी बोलतां येऊं लागलें, कारण ती त्यांच्या कामाची, शाळेची व हळूहळू चुलीपाशींचीही भाषा झाली. ह्या लाभाची किंमतही पडली. कितीएक गांवठाणांतून आजीची मराठी लग्नाच्या गाण्यांपुरती उरली. वसईकडे आम्हीं दुसरा मार्ग धरला : घरांत कादोडी किंवा वाडवळी, शाळेंत व मिस्सेंत मराठी. त्या मार्गावर १९५५ सालीं 'सुवार्ता' निघालें, आणि त्याच मार्गानें चालून फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० सालीं उस्मानाबादेस अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. मात्र आमच्यापैकीं पुष्कळांची इंग्रजी जीभ जड राहिली, हें कबूल केलें पाहिजे.

आमची स्वतःची तर अतिशय जड होती. सेमिनरींत आलों तेव्हां सर्व व्याख्यानें इंग्रजींत. पहिल्याच आठवड्यांत जेवणाच्या वेळीं मोठ्यानें वाचन करण्याची पाळी आमच्यावर आली, आणि 'व्हेजिटेबल' हा शब्द आम्हीं अक्षर अक्षर फोडून चार तुकड्यांत म्हटला. सगळें भोजनगृह हंसलें. त्यानंतर सहा महिने आम्ही विचारल्यावांचून बोललों नाहीं. आमची सुटका कोणत्या वर्गांत झाली नाहीं. ती झाली टोमॅटोच्या वाफ्यांत. संध्याकाळीं बागेस पाणी घालण्यास आमचा जोडीदार होता एक मंगळूरकडचा विद्यार्थी. त्याला मराठी येत नव्हती, त्याची कोंकणी आम्हांस कळत नव्हती, आणि झारी एकच होती. बोलल्यावांचून गत्यंतर नव्हतें. तोही चुकत होता, आम्हीही चुकत होतों. हंसणारा तिसरा कोणी नव्हता. टोमॅटोला फळ धरेपर्यंत आमच्या जिभेवरचें कुलूप निघालें होतें. लॅटिन आम्हीं ह्याहून अधिक तास घोकली असेल, पण ती बोलावयास कोणी जोडीदार नव्हता, म्हणून ती पुस्तकांतच राहिली.

मराठी माणसाला इंग्रजी बोलतांना नेमकें कोठें अडतें, हें तेव्हांपासून आम्ही निरखीत आलों आहों. आपलें क्रियापद वाक्याच्या शेवटीं येतें, त्यांचें कर्त्याच्या पाठोपाठ. आपण सगळें वाक्य मनांत मांडून शेवटच्या शब्दाची वाट पाहतों, आणि इंग्रजींत तर तो शब्द आरंभींच हवा असतो. तेथेंच जीभ थबकते. त्यांच्या शब्दांत एका अवयवावर जोर पडतो व बाकीचे गिळले जातात. आपण प्रत्येक अक्षराला न्याय देतों, म्हणून आमच्या 'व्हेजिटेबल'ची ती गत झाली. त्यांचे दोन निराळे उच्चार आपल्या एका 'व' मध्यें येऊन बसतात. उलट कांहीं स्वर आपल्याकडे मुळींच नव्हते. 'बॅट' आणि 'बॉल' लिहावयास आपल्या लिपीला डोक्यावर अर्धचंद्र घ्यावा लागला. लिपीनें जें केलें तें जिभेलाही करतां येतें. पण त्याला सराव लागतो, आणि सराव म्हणजे मोठ्यानें उच्चारणें, मनांतल्या मनांत नव्हे.

आतां जव्हार-मोखाडा. हे दोन शेजारी तालुके स्वातंत्र्यापूर्वीं दोन निराळ्या राजवटींत होते. जव्हार हें मुकणे घराण्याचें संस्थान. त्याच्यावर ठाण्याच्या कलेक्टराची पोलिटिकल एजंट म्हणून देखरेख असे. मोखाडा मात्र खालसा मुलखांत, शहापूर तालुक्याचा पेटा. संस्थान १९४८ सालीं मुंबई इलाख्यांत विलीन झालें, आणि १ ऑगस्ट २०१४ पासून दोन्ही तालुके पालघर जिल्ह्यांत आले. ठाणें जिल्ह्याचें इंग्रजी गॅझेटियर १८८२ सालीं निघालें. त्यांत वारली, कोकणा, ठाकूर, काथोडी ह्यांचें साद्यंत वर्णन आहे. ग्रियर्सनसाहेबांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ च्या खंडांत वारली व काथोडी ह्या बोलींचे नमुनेही छापले आहेत. म्हणजे इंग्रजीला ह्या डोंगरांची माहिती शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वींच झाली होती. डोंगरांतल्या माणसाला इंग्रजीची माहिती होण्याची सोय मात्र कोणीं केली नव्हती. त्याच्याविषयीं लिहिलेलें त्याला वाचतां येत नव्हतें.

त्यानंतर सरकारी धोरणें बदलत गेलीं. स्वातंत्र्यानंतर कांहीं काळ इंग्रजी आठवीपासून, पुढें पांचवीपासून, आणि २००० सालापासून महाराष्ट्रांत पहिलीपासून. १९५४ सालीं मुंबई सरकारनें इंग्रजी माध्यमाच्या शाळांत ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाहीं अशा मुलांस प्रवेश देऊं नये, असा हुकूम काढिला होता. नाशिकजवळच्या देवळालीच्या एका ख्रिस्ती शाळेचें प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें आणि तो हुकूम रद्द ठरला. आमच्या मतें न्याय झाला. पुढें आदिवासी विकास विभागानें निवडक मुलांस नामांकित इंग्रजी निवासी शाळांत पाठविण्याची योजना आणली. हेतु चांगला, कांहीं मुलें त्यांतून खरोखरीच पुढें आलीं. परंतु सहा वर्षांचें मूल, जें घरीं वारली बोलतें आणि ज्याला मराठीही अजून परकी आहे, तें एकदम इंग्रजीच्या पाण्यांत सोडलें तर पुष्कळदां तें पोहत नाहीं, गप्प होतें. सुटींत घरीं आलेलें तें आईशींही कमी बोलतें, असें आया आम्हांस सांगतात. हें ऐकून आम्हांस १६८४ च्या फर्मानाची आठवण होते.

ह्याच्या उलट एक उपाय आम्हांस फार आवडला. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस ह्या संस्थेनें मराठी शाळांसाठीं आकाशवाणीवरून 'वुई लर्न इंग्लिश' नांवाचे पाठ तयार केले. त्यांत मराठीचा हात सोडलेला नव्हता. गोष्ट कानावर पडे, मध्यें मुलांनीं मोठ्यानें उत्तर द्यावें म्हणून जागा सोडलेली असे, आणि ज्या गुरुजींना स्वतः इंग्रजी बोलण्याचा धीर नाहीं तेही मुलांबरोबर शिकत. पुस्तक नाहीं, फळा नाहीं. आधीं कान, मग तोंड. फादर स्टीफन्स साष्टींत जें चारशें वर्षांपूर्वीं करीत होते तेंच हें.

आम्हींही आपल्या ओट्यावर एक लहानसा उद्योग मांडिला आहे. त्याला वर्ग म्हणावयाची आम्हांस लाज वाटते. आठवड्यांतून दोन संध्याकाळीं दहाबारा तरुण मुलेंमुली जमतात. नियम दोनच. पहिला, जें सांगावयाचें तें आधीं आपल्या घरच्या बोलींत सांगावें, वारलींत, कोकणींत, जी असेल तींत. मग तेंच इंग्रजींत. दुसरा, कोणाची चूक कोणीं मध्येंच दुरुस्त करावयाची नाहीं, आम्हींही नाहीं. दुसरा नियम आमच्याकडून पहिल्या महिन्यांत चार वेळां मोडला गेला. पाठ केलेलें भाषण आणणाऱ्यास आम्ही थांबवितों व 'काल काय झालें तें सांग' म्हणतों. आरंभीं एका मुलीनें सलग तीन संध्याकाळीं एक अक्षरही उच्चारलें नाहीं. ती नुसती कंदील पुसून ठेवी. चौथ्या खेपेस तिनें कंदिलाविषयींच चार वाक्यें सांगितलीं.

गेल्या पावसाळ्यांत, वीज गेलेली असतां, मोखाड्याकडचा एक तरुण उठला. दोन दिवसांपूर्वीं घाटांत एस. टी. बंद पडली होती, तिची हकीकत त्यानें आधीं वारलींत सांगितली, आणि सगळे पोट धरून हंसले. मग तो इंग्रजींत सांगूं लागला. भूतकाळ वर्तमानकाळांत मिसळला, कंडक्टरला तो एकदां 'ही' व एकदां 'शी' म्हणाला, 'गिअर' शब्दाशीं अडला तेव्हां हातानें गिअर टाकून दाखविला. बसमधल्या म्हातारीच्या टोपलींतून कोंबड्या सुटल्या, येथपर्यंत तो आला आणि थांबला. पुढचा शब्द सुचेना. आम्ही ओठ दाबून बसलों होतों. तेवढ्यांत ती कंदिलवाली मुलगी कोपऱ्यांतून म्हणाली, "अँड देन?"

तो पुढें सांगूं लागला.